समुद्रकाठचा प्रॉम्प्टर

मामांचा सगळा जन्म विंगेत गेला होता. नाटक राजवाड्यातलं असो की दिवाणखान्यातलं, मामांची जागा ठरलेली. पडद्याच्या आड, डाव्या हाताला, एका डगमगत्या स्टुलावर. नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानाशी पोचवायचं आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही त्यांची विद्या. नाटकमंडळी त्यांना कुजबुजेमास्तर म्हणत. टाळ्या पडत त्या नटांना, हार पडत ते नट्यांना. मामांच्या अंगावर पडलीच तर वरच्या दिव्यांची धूळ पडे. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. लोकांसमोर जायचं म्हटलं की त्यांच्या पायांना घाम फुटे.

पण या कामापायी त्यांना एक खोड जडली होती. दुसऱ्याचं वाक्य अर्धवट लोंबकळत राहिलेलं त्यांना सोसवत नसे. भाजीवाली "टोमॅटो संपले, उद्या..." म्हणून थांबली की "आणते" हे मामा म्हणणार. एकदा डॉक्टरांनी छातीला नळी लावून "जरा इथे..." म्हटलं आणि ते विचारात पडले, तर मामांनीच हळूच "पाणी झालंय" असं सुचवलं आणि नसत्या तपासण्या ओढवून घेतल्या.

त्यांच्या या विद्येचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची भाची. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. भिंगरीला चार माणसांसमोर उभं केलं की पाठ केलेलं सगळं कापरासारखं उडून जाई. शाळेच्या नाटकात ती राणी झाली होती तेव्हा मामा हौसेने विंगेत जाऊन बसले. तिचा अंगठा मुठीत गरगरायला लागला की ती विसरली, हे त्यांनी ओळखून ठेवलेलं. मग ते सुचवत आणि ती बोले. इतक्या भक्तिभावाने बोले की काय बोलतोय याचा विचारसुद्धा करत नसे. शेवटच्या प्रवेशात राजा मरणपंथाला लागला होता. पडदेवाला डुलक्या घेत होता म्हणून मामा त्याला दबक्या आवाजात म्हणाले, "दोरी ओढ!" आणि राणीने छाती पिटत, राजाच्या तोंडावर टाहो फोडला, "दोरी ओढ!" सभागृह हसून लोळलं. राजासुद्धा मरायचं विसरून हसला.

अशा या भिंगरीने मोठेपणी नोकरी धरली ती बोलण्याचीच. एका लहानशा समुद्रकाठच्या गावी, पाहुण्यांना पायवाटेने हिंडवून प्राणीपक्षी दाखवणाऱ्या एका कार्यालयात ती लागली. लागली म्हणजे काय, तिकिटं फाडायची, दुर्बिणींच्या काचा पुसायच्या आणि चिखलाचे बूट धुऊन उन्हात उलटे मांडायचे. वाटाडी होण्याची परीक्षा अजून व्हायची होती.

तिचे वडील, म्हणजे मामांचे मेहुणे, पुठ्ठ्याची खोकी बनवत. ते म्हणत, "समुद्र काय, कुठे पळून जात नाही. खोकी मात्र लोकांना आजच्या आज लागतात." घरात बरीच वादावादी होऊन शेवटी बोली झाली. हंगाम सरायच्या आत कार्यालयाच्या मालकीणबाईंनी भिंगरीला वाटाडी म्हणून कायम केलं तर ती तिथे राहील. नाही तर मुकाट्याने घरी येऊन खोक्यांच्या हिशेबाला बसेल. बापाने तिच्यासाठी खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती, गोल फिरणारी. "भिंगरीला भिंगरी," असं म्हणून ते स्वतःच हसले होते. दुसरं कोणी हसलं नव्हतं.

आणि आता परीक्षा उद्यावर आली होती.

"दादा, तू जा तिच्याकडे," बहिणीने मामांना सांगितलं. "तू जवळ असलास की तिला धीर येतो. पण नुसता जा. हिंड, फीर, समुद्र बघ. तोंड मात्र उघडू नकोस."

"मी कशाला उघडतोय?" मामा म्हणाले. "मी काही..."

"बोलका नाही, माहीत आहे," बहीण म्हणाली. खोड घराण्यातलीच असावी.

भिंगरीची खोली सायकलदुरुस्तीच्या दुकानावर होती. जिना इतका अरुंद की मामांना पिशवी डोक्यावर धरून चढावं लागलं. आत एक खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले मोजे, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली शिंपल्यांची, पिसांची, मोडक्या खेकड्यांच्या नांग्यांची रांग. खिडकीतून समोरच्या घरांच्या छपरांवरून समुद्राची एक पट्टी दिसे. खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं, त्याचा सूं सूं आवाज आणि समुद्राचा आवाज एकमेकांत मिसळून गेले होते.

"चल मामा, उजेड आहे तोवर फिरून येऊ," असं म्हणून ती त्यांना बंदराच्या भिंतीवरून चालायला घेऊन गेली. ओहोटी होती. चिखलात बोटी कुशीवर कलंडून पडल्या होत्या, दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसांसारख्या. भिंगरी चालता चालता बोलत होती. "तो बघ, त्या खुंटावरचा पाणकावळा. पंख पसरून बसलाय ना, त्याची पिसं बदकासारखी कोरडी राहत नाहीत रे, भिजतात. म्हणून प्रत्येक बुडीनंतर धुणं वाळत घालायचं. आणि तो पलीकडचा त्याचा शेजारी आहे, त्याला जागा हवी असते, पण मागायची हिंमत नाही. रोज येतो, जरा लांब बसतो, आणि जातो."

मामा ऐकत राहिले. तिला एकदाही अडखळावं लागलं नाही, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. वाक्य पुरं होत असलं की मामांचं लक्ष लागत नसे. त्यांचे कान फक्त खड्ड्यांसाठी तयार झाले होते.

खोलीवर परत आल्यावर मात्र ते कामाला लागले. उद्याचं भाषण त्यांनीच रचून दिलं होतं. ग्रंथालयातली तीन जाडजूड पुस्तकं वाचून, महिनाभर खपून. भिंगरीने फोनवर रोज पाठ म्हणून दाखवलं होतं, त्यामुळे ते दोघांनाही तोंडपाठ होतं, म्हणजे मामांना होतं.

"म्हण."

भिंगरी खाटेवर उभी राहिली. "रसिक पथिकांनो, सागराच्या अथांग निळाईला साद घालणाऱ्या या कड्यावर आपलं..." अंगठा मुठीत फिरायला लागला.

"मनःपूर्वक स्वागत," मामांचे ओठ हलले.

"मनःपूर्वक स्वागत. मामा, 'पथिकांनो' काढू या का रे?"

मामांचा चेहरा पडला. "वाईट आहे का? मला वाटलंच होतं. 'अथांग'सुद्धा जरा जास्त होतंय."

"नाही नाही, अथांग छान आहे," भिंगरी घाईने म्हणाली. "पथिकांनोसुद्धा छान आहे. राहू दे."

"मला यातलं काही कळत नाही गं," मामा म्हणाले. "मी आपला दुसऱ्यांची वाक्यं पुढे सरकवणारा."

"तू उद्या मागे उभा असलास की झालं. आणि हे बघ, आपली ओळख नाही हं. बाईंना परीक्षेच्या फेरीत नातेवाईक चालत नाहीत. त्या म्हणतात, नातेवाईक टाळ्या वाजवतात आणि पक्षी उडून जातात."

सकाळी कार्यालयात पाच जण जमले. मालकीणबाई उंच, उन्हाने नाक सोललेल्या, आणि शब्द असे वापरणाऱ्या की जणू रेशनवर मिळतात. एक निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको. गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ, ज्याच्याकडे बघून आधी कॅमेरा दिसे आणि मग माणूस. आणि मामा. मामांना आपल्या पायाचे बूट सापडेनात. भिंगरीने रांगेतून नेमके त्यांच्या मापाचे काढून दिले, तेव्हा मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "धन्यवाद. मी इथे कोणालाच ओळखत नाही."

"आम्ही तरी कुठे ओळखतो?" दंतवैद्यांची बायको म्हणाली. "मी तर यांनासुद्धा अजून ओळखायला शिकते आहे."

"चाळीस वर्षं दात बघितले मी लोकांचे," दंतवैद्य म्हणाले, "पण माझ्यावर दात धरला तो हिनेच."

मालकीणबाईंनी टाळी वाजवली. "आज उलट्या बाजूने जायचं. भरती लवकर चढतेय. आधी वाळू, मग ओहोळाची खाडी, शेवटी कडा. बोल, भिंगरी. आजची फेरी तुझी."

मामांनी हे ऐकलं, मानही डोलावली. पण ऐकणं वेगळं आणि हाडात शिरणं वेगळं. जन्मभर त्यांनी नाटक पहिल्या अंकापासूनच सुरू झालेलं पाहिलं होतं. तिसऱ्या अंकाकडून पहिल्याकडे जाणारं नाटक त्यांच्या उभ्या आयुष्यात कधी लागलं नव्हतं.

गल्ली संपली तिथे वाळूवरची फळ्यांची वाट सुरू होत होती. भिंगरी वळून सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. घसा खाकरला. "रसिक... म्हणजे, नमस्कार. अथांग निळाईच्या या... आपलं मनःपूर्वक स्वागत." एवढं बरं झालं. मग तिची नजर मालकीणबाईंच्या सोललेल्या नाकावर गेली आणि तिथेच अडकली. अंगठा मुठीत गरगर फिरायला लागला.

सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या मामांना दुसरं काही दिसेनासं झालं. ना वाळू, ना वाट. फक्त तो अंगठा. स्वागत झालं, त्याच्यापुढे काय? त्यांचे ओठ आपसूक हलले आणि वाऱ्यावरून ती कुजबुज बाणासारखी जागेवर जाऊन बसली.

"आता डावीकडे दृष्टी टाका," भिंगरी खणखणीत आवाजात म्हणाली. "कड्याला बिलगून बसलेले हे शेकडो शुभ्र कुरव पक्षी! वाऱ्याबरोबर पंख फडफडवत ते आपलंच जणू स्वागत करत आहेत!"

सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. डावीकडे हॉटेलची मागची बाजू होती. गच्चीवर तारांना टांगलेल्या पांढऱ्या चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या.

दंतवैद्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. "मला चादरी दिसतायत," ते म्हणाले.

"चष्मा पुसा," बायको म्हणाली.

"पुसला. आता उशांचे अभ्रेही दिसतायत."

"ती पिल्लं असतील."

कॅमेरेवाल्याने सवयीने दोन फोटो काढले आणि मग काचेवर झाकण लावून तो भिंगरीकडे बघत राहिला. भिंगरीचा चेहरा आधी लाल झाला, मग त्या चादरींसारखा पांढरा. पहिल्या अंकाचं वाक्य मामांनी तिसऱ्या अंकात दिलं होतं. उभ्या हयातीत अशी चूक झाली नव्हती, आणि झाली ती अशा दिवशी.

"हा... हा हॉटेलचा भाग आहे," भिंगरी कशीबशी म्हणाली. "आपण पुढे जाऊ."

माणसं फळ्यांवरून एकामागे एक चालू लागली. दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर वाऱ्याने एका अंगाला झोपवलेलं उंच गवत. एरवी मामांनी थांबून थांबून पाहिलं असतं. आता त्यांना पायांखालच्या फळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. एक लांबट सावली त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

"मामा का काका?" मालकीणबाईंनी विचारलं.

मामा दचकले. "मी? मी इथे कोणालाच..."

"ओळखत नाही, हो, सकाळी ऐकलं. मामा का काका, एवढंच विचारतेय."

"मामा," मामांनी कबूल केलं. "कशावरून ओळखलंत?"

"इतकं चुकीचं इतक्या प्रेमाने दुसरं कोण सांगणार?"

मामा थांबले. मग धीर करून म्हणाले, "बाई, चूक तिची नाही. वाक्य मी दिलं. भाषणही मीच लिहिलंय. तिला नापास करू नका. हवं तर मी इथूनच परत जातो."

"परत जाऊ नका. फळ्या अरुंद आहेत, वळताना पडाल," मालकीणबाई म्हणाल्या. थोडं चालून पुढे म्हणाल्या, "पहाटे मी कार्यालय उघडायला येते तेव्हा ही खाडीवरून परतत असते. हंगामभर. कोणी सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, या मुलीला काहीतरी सांगता येईल. पण चार माणसं उभी केली की ही कुठल्यातरी पुस्तकातून बोलते. मला पुस्तक नकोय, मामा. पुस्तक माझ्याकडे विकायला आहे."

"मग आता?"

"आता खाडी. तिथेही असंच झालं तर मला नाही म्हणावं लागेल. मलाही ते आवडणार नाही."

मामांना ती गोल फिरणारी खुर्ची दिसली. त्या खुर्चीत बसलेली भिंगरी दिसली, न फिरणारी.

खाडी म्हणजे दोन खडकांच्या मधली मूठभर जागा. टेकडीवरून गोड्या पाण्याचा एक ओहोळ उड्या मारत येई आणि गोट्यांमधून समुद्राला मिळे. पाणी चढत होतं. शेवाळाने मढलेले दगड एकेक करून बुडत होते. भिंगरी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. वळली. तोंड उघडलं. आणि पुन्हा सगळं कापरासारखं उडालं.

अंगठा फिरायला लागला. तिने मामांकडे पाहिलं. लहानपणी बघायची तसं सरळ, हक्काने, तहानलेल्याने माठाकडे बघावं तसं.

मामांच्या तोंडात वाक्य तयार होतं. या वेळी बरोबर होतं, जागेवर होतं. "जलचरांत चतुर असे हे पाणमांजर, ज्यास ऊद असेही म्हणतात..." जिभेच्या टोकावर येऊन ते थरथरत होतं. असं वाक्य गिळायचं म्हणजे शिंक गिळण्यापैकी होतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. दिलं तर ती बोलेल, खणखणीत बोलेल, चूकही होणार नाही. आणि पुस्तकच बोलेल. मालकीणबाईंच्या कानावर पुस्तक पडेल आणि खुर्ची पक्की होईल. नाही दिलं तर कदाचित काहीच होणार नाही. पोर तशीच उभी राहील, आणि ती तशी उभी राहिलेली त्यांना आयुष्यात बघवली नव्हती. मी कोण ठरवणारा, असं त्यांच्या मनात आलं. पण वाक्य देणं हेसुद्धा ठरवणंच होतं.

मामांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

त्यांनी ओठ दातांत धरले आणि समोरच्या टेकडीवरचं गवत बघत उभे राहिले. मागे शांतता. दंतवैद्यांनी पाय बदलला, गोटे खळखळले. कॅमेरेवाल्याने उसासा सोडला. शांतता आणखी वाढली. नाटकात इतक्या लांबीची शांतता पडली असती तर व्यवस्थापक धावत आला असता. मामा मनात म्हणत होते, बोल गं बाई, काहीही बोल, दोरी ओढ म्हण, पण बोल.

बोलली ती दबक्या आवाजात. "बसा," ती म्हणाली. "सगळे खाली बसा. हळू."

मामांनी वळून पाहिलं. भिंगरीचा अंगठा थांबला होता. ती माणसांकडे बघतच नव्हती. तिची नजर ओहोळाच्या काठी एका सपाट दगडावर होती.

"तो दगड ओला आहे," तिने कुजबुजत सांगितलं. "लाट अजून तिथवर पोचलेली नाही. म्हणजे पाण्यातून कोणीतरी आत्ताच वर आलंय. वाळूत बघा, पाच बोटं. आणि वास घ्या."

सगळ्यांनी वास घेतला. "मासळीचा," दंतवैद्यांच्या बायकोने कुजबुजून म्हटलं.

"ती त्याची शी आहे."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा वास घेतला.

"समुद्रात पोहून केसांत मीठ बसतं ना, मग ऊब राहत नाही. म्हणून तो रोज या गोड्या पाण्यात अंघोळीला येतो. हा त्याचा नळ आहे. भरती चढायला लागली की येतो, कारण खेकडे तेव्हा जागे होतात. आता गप्प बसू. तो आपल्याला दिसण्याआधी ऐकू येईल."

तिची कुजबुज शेवटच्या माणसापर्यंत अक्षर न् अक्षर पोचत होती. मामांना तिचा हेवा वाटला. या कामात तरबेज व्हायला त्यांचे केस पांढरे झाले होते.

लाट आली, गोट्यांतून चूळ भरल्यासारखी परत गेली. मामांना पहिल्यांदाच कळलं की गप्प राहण्यातही भरलेलं असं काही असतं, त्यात वाक्य घालायला फट नसते.

करकर. कडाम. करकर.

खडकाच्या आडून आवाज येत होता, लहान मुलाने टोस्ट खावा तसा. दंतवैद्य भुवया उंचावून बायकोच्या कानात म्हणाले, "दात उत्तम आहेत."

आणि पाणमांजर बाहेर आलं. तपकिरी, चकचकीत, मिशांतून पाणी गाळत. अर्धा खेकडा तोंडात. त्याने तो दगडावर ठेवला, पुढच्या दोन पायांनी धरला आणि उरलेला संपवला. मग ओहोळात शिरून अंग घुसळलं, पोट धुतलं, मान धुतली. धुऊन झाल्यावर ते शेवाळाच्या ढिगावर गेलं आणि उताणं होऊन असं लोळलं की चारी पाय आभाळाकडे. अंग पुसण्याची ही त्याची रीत. एवढं झाल्यावर त्याने मान वर करून या बसलेल्या माणसांकडे पाहिलं. नाक फेंदारलं. माणसांच्या अंगाला वास येत असावा. आणि घाई न करता पाण्यात सरकलं. एक रेघ दूर दूर गेली आणि पुसली.

कॅमेरेवाल्याच्या कॅमेऱ्याची काच झाकणाने झाकलेलीच होती. त्याने ती तेव्हा पाहिली. "काढलाच नाही मी," तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला. "अहो, काढलाच नाही!"

भिंगरीने मामांकडे पाहिलं. मामा पुन्हा टेकडीकडे बघू लागले. या वेळी कारण वेगळं होतं. रुमाल कोणत्या खिशात आहे ते त्यांना आठवत नव्हतं.

मालकीणबाई उठल्या. "पाणी चढतंय, चला," एवढंच म्हणाल्या आणि कड्याची वाट धरली. पास की नापास? बाईंच्या पाठीवरून मामांना काही कळेना. भिंगरी पुढे चालली होती, दंतवैद्यांच्या बायकोला गवताचं नाव सांगत होती. चढ उभा होता. खालून हिरवट, मग निळा, मग दूरवर चांदीच्या ताटासारखा समुद्र उलगडत गेला. मामांना धाप लागली. दंतवैद्यांनी त्यांच्या कोपराला हात दिला. "जबडा सैल सोडा," ते म्हणाले, "सकाळपासून आवळून धरलाय तुम्ही."

कड्याच्या टोकाला पोचले आणि पुढचं काही ऐकूच येईना. समोरच्या सरळसोट भिंतीवर कुरव पक्षी बसले होते, शेकडो म्हणजे खरोखरच शेकडो. बोटभर रुंदीच्या कपारींत घरटी, घरट्यांत पिल्लं, आणि प्रत्येकाला त्याच क्षणी काहीतरी तातडीचं सांगायचं होतं. वर वारा. खाली लाटांचा धडाका. भिंगरीने तोंड उघडलं, हात हलवत काहीतरी सांगितलं. कोणाला एक अक्षर कळलं नाही. दंतवैद्यांनी कानाला हात लावला. भिंगरी हसली, नाद सोडला आणि नुसतं बोट दाखवून दिलं. बघा.

तेव्हाच मालकीणबाई तिच्याजवळ गेल्या आणि काहीतरी म्हणाल्या. भिंगरीने मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. एक कुरव दोघींच्या मधून किंचाळत गेला.

पण मामांना ऐकू यावं लागत नव्हतं. जन्मभर त्यांनी अंधारात बसून नटांचे ओठ पाहिले होते. कुठला शब्द येतोय आणि कुठला यायचा राहतोय, हे त्यांना ओठांवर लिहिल्यासारखं दिसे. मालकीणबाईंचे ओठ त्यांनी स्पष्ट वाचले. उद्यापासून फेरी तुझी. कायम.

भिंगरी गोंधळून इकडेतिकडे बघत होती. बघता बघता तिची नजर मामांवर येऊन थांबली. काय म्हणतायत त्या?

मामांनी कुजबुजून पाहिलं. वाऱ्याने ती कुजबुज उचलली आणि समुद्रात टाकली. त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं. काही उपयोग नाही. भिंगरीच्या डोळ्यांत भीती दिसायला लागली. तिला वाटलं, नाहीच म्हणाल्या असणार. मामांच्या पायांना घाम फुटला. इतक्या लोकांसमोर. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले, छाती भरून श्वास घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, शेवटच्या रांगेच्याही पलीकडे ऐकू जाईल असे ओरडले:

"कायम! भिंगरे, तुला कायम केलंय!"

भिंगरीने किंकाळी फोडली, तीसुद्धा कुरवांसारखीच. ती धावत आली आणि तिने मामांना अशी मिठी मारली की त्यांची टोपी वाऱ्यावर निघून गेली. मालकीणबाई एक हात कमरेवर ठेवून मान हलवत होत्या. नातेवाईक शेवटी नातेवाईकच. पक्षी मात्र एकही उडाला नव्हता. त्यांच्या गोंगाटापुढे मामांचा आवाज म्हणजे पुन्हा कुजबुजच होती.

मामा स्वतःच चकित होऊन उभे होते. घसा खरवडून निघाला होता. हा आवाज इतकी वर्षं कुठे होता, कोण जाणे.

दंतवैद्यांच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो," ती म्हणाली, "हे गृहस्थ बोलतात!"